निवेदनाखालचा आवाज

मी मराठीची प्राध्यापक. सिनेमा शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते वेळापत्रकामुळे. आमच्या अभ्यासक्रमात दृश्यमाध्यमांचा एक पेपर नव्यानं आला, सिंदेवाहीसारख्या गावात तो शिकवणारं कोणी सापडेना आणि माझे तास कमी भरत होते. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, तुम्ही सिनेमे पाहता ना?" मी हो म्हटलं आणि अडकले.

त्या सुट्टीत भद्रावतीला आईकडे असताना मी दुपारभर पुस्तकं घेऊन बसायची. क्लोज-अप कशासाठी घेतात, कॅमेरा खालून लावला की माणूस मोठा का वाटतो, दोन चित्रं एकापुढे एक ठेवली की तिसराच अर्थ कसा तयार होतो, हे मी आधी स्वतः शिकले आणि मग वर्गाला शिकवायला लागले. मला ते आवडायलाही लागलं. कविता शिकवताना शब्दापाशी थांबावं लागतं, तसंच इथे चित्रापाशी थांबायचं होतं.

वर्गात दाखवायला मी टीव्हीवर अलीकडेच येऊन गेलेला एक माहितीपट निवडला. एका मोठ्या जेलमधलं रोजचं आयुष्य असा त्याचा विषय. ते जेल कुठलं, वाहिनी कोणती, हे मी इथे लिहीत नाही. निवडायचं कारण एवढंच की त्यातल्या युक्त्या उघड दिसत होत्या. सुरुवातीला भिंत, कॅमेरा जमिनीलगत ठेवून घेतलेली, म्हणून आभाळापर्यंत गेल्यासारखी. मग पडदाभर किल्ल्यांचा जुडगा. लोखंडी दार बंद होतं आणि त्याचा आवाज विहिरीत दगड पडावा तसा घुमत राहतो. सगळ्या चित्राला निळसर छटा, त्यामुळे भर उन्हातले कैदीही थंडीत उभे असल्यासारखे दिसतात. आणि या सगळ्यावर निवेदकाचा जड, सावकाश आवाज.

मी वर्गाला सांगितलं, आपण हा माहितीपट तीनदा बघू. एकदा नेहमीसारखा. एकदा आवाज बंद करून. आणि एकदा पडद्यावर चादर टाकून, नुसता कानांनी.

पहिल्यांदा पाहून झाल्यावर माजरीच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, ते ढुम्म करून वाजून राह्यलं, ते जेलमधी खरंच वाजते का?"

"नाही. ते नंतर घातलेलं संगीत आहे."

"अन् दाराचा आवाज?"

"तोही बहुतेक वाढवलेला."

"मंग सगळं खोटंच झालं ना!"

मी म्हटलं, खोटं म्हणू नका. दार आहे, ते बंदही होतं. पण ते बंद होताना आपल्या पोटात काय व्हावं, हे त्यांनी ठरवलेलं आहे. मुलांना ते पटलं. मग ती स्वतःच एकेक युक्ती शोधायला लागली. नळाच्या ठिबकण्याचं चित्र मध्येच का टाकलं, कावळा तीनतीनदा का येतो. वर्ग रंगला.

माहितीपटाच्या साधारण मध्यावर एक दृश्य होतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून एक माणूस उकिडवा बसलेला. कॅमेरा आधी त्याच्या हातांवर. हात हलतात, बोटं हवेत काहीतरी दाखवतात. मग कॅमेरा हळूहळू वर सरकतो. चेहरा येतो, पण तो पुसट केलेला. ओळख लपवण्यासाठी करतात तसा, धुक्याचा एक गोळा. आणि निवेदक म्हणतो, 'या हातांनी काय केलं, ते या भिंतींनाच ठाऊक. या चेहऱ्यांवर पश्चात्ताप शोधणं अवघड आहे.'

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "चेहरा तर पुसून टाकला ना मॅडम, आता पश्चात्ताप कुठून दिसन?"

सगळे हसले. मीही हसले, कारण मुद्दा अगदी नेमका होता. मी तो फळ्यावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज बंद करून माहितीपट पाहिला. आवाज गेल्यावर त्याचा जोर निम्म्याहून अधिक उतरला. कैदी साधी माणसं दिसायला लागली. कोणी कपडे वाळत घालतंय, कोणी डोकं खाजवतंय. तास संपला, मुलं गेली, मी वायरी गुंडाळत होते. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मात्र उठली नव्हती.

ती धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावाची. गोंड कुटुंबातली, वसतिगृहात राहायची. वर्गात बोलायची नाही, पण वही पूर्ण असायची. ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या माणसाच्या तोंडावरचं पुसट काढता येते का?"

"नाही गं."

"पण खाली तोंड असनच ना? ज्यानं ते लावलं त्याले काढता येत असन."

मी तिला समजावलं. ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडे मूळ चित्रण जपलेलं असेल तर असेल. आपल्याकडे आहे त्यात नाही. हा काही चेहऱ्यावर टाकलेला कपडा नव्हे की उचलला आणि खाली माणूस. त्या जागी चेहरा उरलेलाच नाही.

मग म्हणाली, "म्हणजे खाली काईच नाई."

"नाही."

"तो माझा बाप होये, मॅडम."

मी हातातली वायर टेबलावर ठेवली. तिला बसवलं. पुन्हा लॅपटॉप उघडला आणि ते चित्र थांबवलं. तिनं पडद्याला बोट लावून दाखवलं. निळ्या चौकडीचा शर्ट, आणि डाव्या खांद्यावर हिरव्या काठाचं ठिगळ. ते ठिगळ तिच्या आईनं स्वतःच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून लावलं होतं. टाके घालताना ही जवळ बसली होती. मायलेकी भेटीला गेल्या तेव्हा तो शर्ट पिशवीतून नेऊन दिला होता.

मग तिनं बाकीचं सांगितलं. ती शाळेत असताना त्यांच्या भागात एक खून झाला होता. त्या प्रकरणात गावातल्या काही जणांची नावं आली, त्यात तिच्या वडिलांचंही. तेव्हापासून ते आत होते. शिक्षा झालेली नव्हती, खटला चालूच होता. साक्षीदार येत नसत, तारखा पडत. गावात रेंज नाही, म्हणून वडील जेलमधून कधीतरी धानोऱ्याच्या एका नातेवाईकाच्या फोनवर बोलायचे. गेल्या पावसाळ्यापासून तेही बंद झालं होतं. वकील सरकारनं दिलेला. तो फोन उचलत नव्हता.

हे सगळं सांगताना ती रडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी बाप दिसला होता तिला. तिनं माझ्याकडून तो माहितीपट मोबाइलमध्ये घेतला. वसतिगृहातल्या मुली मला सांगायच्या, जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करते आणि आवाज बंद करून तेवढंच दृश्य बघत बसते. हात हलतात, बोटं दाखवतात, चेहरा पुसट. पुन्हा पहिल्यापासून.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आईले दाखवाचं हाये. मोबाइल लहान पडते. तुमी लॅपटॉप घेऊन येता का, मॅडम?"

मी तयार झाले. आम्ही मूल गावावरून गडचिरोलीला गेलो, तिथून धानोरा, पुढे एका जीपमध्ये दाटीवाटीनं, आणि शेवटचा टप्पा पायी. धानाची मळणी चालू होती. वाटेत कुठे कुठे मोहाच्या झाडाखाली बैल बसलेले. तिची आई अंगणात सूप घेऊन बसली होती. तिला गोंडीच सोयीची, मराठी तुटक. मला म्हणाली, "या बाई, बसा," आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

घरात दिवसाही अंधार होता, त्यामुळे पडदा स्वच्छ दिसला. बाजेवर लॅपटॉप ठेवला. मुलीनं आईला गोंडीत काहीतरी सांगितलं, बहुधा घाबरू नको असं. मी आवाज बंद ठेवला होता आणि सरळ त्या दृश्यापासून सुरू केलं.

आई पुढे सरकली. पडद्याच्या इतकी जवळ की तिच्या श्वासानं काच धूसर झाली. चित्र संपलं. तिनं हातानं खूण केली, परत. मी परत लावलं. तिसऱ्यांदा तिनं मला मध्येच थांबवायला लावलं, माणूस पूर्ण दिसतो तिथे. खूप वेळ बघितलं. मग मागे सरकून बसली आणि हळू आवाजात लेकीशी बोलली.

मुलीचा चेहरा उतरला. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणते, शर्ट त्याईचाच होये. माणूस तो नोये."

आई मराठीत माझ्याशी बोलली, "बाई, पाय पाहा. असा पाय नाई त्याईचा."

मी पाहिले. पातळ, म्हाताऱ्या माणसाचे पाय होते. बोटं पसरलेली, नडगीची हाडं वर आलेली. तोपर्यंत आम्ही सगळे हात पाहत होतो, कारण कॅमेऱ्यानं हात दाखवले होते. मुलगी पडद्याजवळ गेली, पायांकडे बघितलं, आणि खाली बसली.

आम्हा तिघींच्याही मनात एकच गोष्ट आली होती आणि ती कोणी बोलत नव्हतं. शर्ट त्याचा. अंगात दुसरा माणूस. मग शर्टवाला कुठे गेला? पावसाळ्यापासून फोन नाही. पडद्यावर तो म्हातारा थांबवलेल्या चित्रात तसाच बसून होता, हात हवेत, चेहऱ्याच्या जागी धुकं. मी लॅपटॉप मिटला. आई उठली, सूप घेऊन अंगणात गेली, दोनदा धान्य पाखडलं आणि सूप तसंच खाली ठेवून मला म्हणाली, "सकाळी जाऊ."

जेलपर्यंतचा प्रवास लांबचा होता. आईनं वाटेत काही खाल्लं नाही. भेटीच्या खिडकीशी रांग होती. मुलीनं ओळखपत्रं दिली, वडिलांचं नाव सांगितलं. खिडकीतला माणूस आत बघून आला आणि म्हणाला, "थांबा जरा." असं तो सगळ्यांनाच म्हणत असणार. पण आम्हाला ते तसं ऐकू आलं नाही. आईनं पदर तोंडाशी धरला.

भेट नातेवाइकांनाच होती, म्हणून मी बाहेर थांबले. ही तीच भिंत होती. वर्गात मी तिच्याबद्दल इतकं बोलले होते, पण प्रत्यक्षात ती पाहिली आणि मला धक्का बसला. ती साधी भिंत होती. पिवळट चुना, खाली गवत, गवतात एक शेळी. उंच होती, पण आभाळाला भिडलेली नव्हती. मला ती सिनेमातल्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटली. तिच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं. कुठलं संगीत नाही, निवेदन नाही. आत माणूस आहे की नाही, याबद्दल ती एक अक्षर बोलत नव्हती.

त्यांना आत बोलावलं तेव्हा मुलगी वळून माझ्याकडे बघत होती. मी नुसता हात वर केला.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. आई पुढे होती. तिचा चेहरा ओला होता आणि ती रस्ता ओलांडून येईपर्यंत मला काही समजेना. माझ्यापाशी येऊन तिनं माझं मनगट धरलं आणि एकच शब्द म्हणाली, "हाये."

आम्ही तिघी तिथेच, चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. मुलीनं हळूहळू सांगितलं. मधे काच होती, दोन्हीकडे फोन. वडील वाळले होते, केस पांढरे झाले होते, पण तेच होते. त्यांना दुसऱ्या बराकीत हलवलं होतं. त्यांनी फोनही करून पाहिला होता, पण धानोऱ्याच्या त्या नातेवाइकाचा नंबर बदललेला. पत्र लिहायला कोणाला सांगावं ते कळलं नाही.

आणि शर्ट? जुन्या बराकीत त्यांच्या शेजारी एक म्हातारा झोपायचा. भामरागडकडचा, माडिया आदिवासी. त्याला भेटायला कधी कोणी आलं नाही, यायला जमण्यासारखं अंतरच नव्हतं. दोघांची बोली थोडी वेगळी, पण एकमेकांना कळायची, म्हणून ते दोघंच आपापसात बोलायचे. टीव्हीवाले यायचे होते त्या दिवशी सगळ्यांना नीट कपडे घालायला सांगितलं. म्हाताऱ्याचा सदरा पाठीवर फाटलेला. मुलीच्या वडिलांनी आपला शर्ट त्याला दिला. तो त्याला आवडला, मग यांनी परत मागितला नाही. पावसाळ्यात म्हाताऱ्याला ताप आला, दवाखान्यात नेलं, तिकडून तो परत आला नाही.

"बाबा विचारत होते, त्यात बुढा दिसते का," मुलगी म्हणाली. "मी म्हणलं दिसते, पण तोंड नाई दिसत. तं म्हणाले, अन् तो बोलला ते? टीव्हीवाल्यानं विचारलं होतं, तुमचं गाव कुठी हाये. तो लय वेळ सांगत होता. बाबा बाजूलेच उभे होते."

मग मला विचारलं, "पण मॅडम, त्यात तर तो बोलतच नाई."

त्या क्षणी मला जे कळलं, ते मी त्या पेपरात कितीदा शिकवलं होतं. माणूस बोलत असतो, त्याचं बोलणं कामाचं नसतं किंवा समजत नसतं, मग त्याचा आवाज खाली ओढतात आणि वरून निवेदन चढवतात. चेहरा पुसट होता, त्यामुळे ओठ हलताना कोणाला दिसले नव्हते. हात हवेत काय दाखवत होते, तेही आता समजलं. तो वाट दाखवत होता.

मी तिला म्हटलं, "आवाज पूर्ण काढला नसेल तर खाली असेल अजून. परत गेल्यावर ऐकू."

कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत दुपारी आम्ही दोघी बसलो. तिनं हेडफोन कानावर दाबले, डोळे मिटले. मी ते दृश्य लावलं. निवेदकाचं वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं त्याच्या मधे तिनं एकदम हात वर केला.

"हाये."

तिनं हेडफोन मला दिले. मला एक पुटपुट ऐकू आली, शेजारच्या घरात कोणी बोलत असल्यासारखी. ती मी आधीही ऐकली होती. इतक्या वेळा तो माहितीपट पाहिला, वर्गात पडद्यावर चादर टाकून नुसता ऐकलाही, तेव्हा ती मला जेलची गडबड वाटली होती. आता तिला आवाज होता, वय होतं. म्हातारा थांबून थांबून बोलत होता, समोरच्याला नीट कळावं म्हणून.

दोनतीन दिवस ती कानाला हेडफोन लावून बसली आणि तुकड्यातुकड्यांनी सांगत गेली. 'नाला ओलांडा.' मग निवेदक बोलतो, काही कळत नाही. 'मोठा मोह येईल, तिथून डाव्या हाताला.' परत निवेदक. 'पहाड पाठीशी ठेवा.' मग निवेदकाचं 'या हातांनी' वगैरे. आणि शेवटी, निवेदकानं श्वास घेतला त्या फटीत, अगदी स्पष्ट: 'कुत्रा भुंकेल, घाबरू नका.'

मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवसांत मला घरी भांडी घासताना, बसमध्ये, परीक्षेच्या वेळी हॉलमध्ये फिरताना ती पुटपुट ऐकू यायची. कोणी टीव्ही लावला आणि बातमीत एखादा माणूस ओठ हलवताना दिसला, वरून मात्र बाईचा आवाज चाललेला असला, की माझं बातमीकडे लक्षच राहायचं नाही. नवरा म्हणाला, आवाज मोठा करू का? मी म्हटलं, नको, बंदच कर.

मुलीनं मात्र काम काढलं. तिनं निवेदकाच्या दोन वाक्यांमधल्या फटी शोधल्या. जिथे तो श्वास घेतो, थांबतो, जिथे संगीत उतरतं. तेवढेच तुकडे कापले आणि एकाला एक जोडले. कापायचं आणि जोडायचं हे तिला वर्गात शिकवलं होतं, पण हे माझ्याही कुवतीपलीकडचं होतं. ती काना-मात्रेसारखं पुढेमागे सरकवत बसायची. शेवटी जे झालं ते खूप लहान होतं, अर्धवट होतं, आणि दोनचार ठिकाणी निवेदकाच्या शब्दांची शेपटं राहिली होती. पण आता वर म्हातारा होता आणि निवेदक खाली होता.

वडिलांनी भेटीत म्हाताऱ्याच्या गावाचं नाव सांगितलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी तिकडे गेलो. भामरागडच्याही पुढे. नवीन डांबरी रस्ता गावाच्या बराच जवळ आला होता, त्यामुळे म्हाताऱ्यानं सांगितलेली वाट आम्हाला लागलीच नाही. गावात विचारत विचारत घर सापडलं. म्हाताऱ्याची लेक घरी होती, माझ्याच वयाची, हाताला तेंदूपानांचा वास. बाप वारल्याचा निरोप पोलीस पाटलाकडून आला होता, पण देह आला नव्हता, कपडे आले नव्हते. त्यांच्याकडे मृताच्या नावानं दगड उभा करतात. तो अजून केला नव्हता. काहीच हाती नसताना कसा करायचा, असं तिचं म्हणणं होतं.

मुलीनं तिला आधी समजावून सांगितलं, मग मोबाइल तिच्या कानाशी धरला.

लेक ऐकत राहिली. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. दुसऱ्यांदा तिचा हात आपोआप वर गेला, डावीकडे वळायची खूण करणारा, आणि मला पडद्यावरचे ते हात आठवले. मग ती हसली आणि भराभर बोलायला लागली. मुलगी मला सांगत होती: "म्हणते, जुनी वाट सांगून राह्यला. आता तिकून कोणी येत नाई. झाडं वाढले."

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. मोबाइल कानापासून दूर करून तिनं काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय?

"विचारते, मधीमधी तो दुसरा माणूस बोलते, तो कोण होये? काय म्हणते तो?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. 'या हातांनी' इतकंच त्यात राहिलं होतं, आणि 'पश्चात्ताप'चा अर्धा तुकडा. मी प्राध्यापक, मी काहीतरी सुचवायला हवं होतं.

मुलीनं तिला गोंडीत उत्तर दिलं आणि मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. "मी म्हणलं, तो त्याईले गावाची वाट विचारून राह्यला."

लेकीनं मान हलवली. तिला ते ठीक वाटलं. बाहेरच्या माणसानं वाट विचारावी आणि बापानं ती नीट सांगावी, यात समजण्यासारखं काही अवघड नव्हतं. तिनं आम्हाला जेवू घातलं. निघताना मुलीनं तो तुकडा तिच्या पोराच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.

पुढच्या वर्षी कोर्टानं मुलीच्या वडिलांना सोडलं. पुरावा नाही असं म्हटलं, आणि ते संपलं. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसले होते. मी म्हटलं, भाऊ, कसे आहात? ते म्हणाले, "बरा हावो." कोणी मागून आलं की ते उठून उभे राहायचे. आई दर वेळी सांगायची, बसा, मीच होये. जेलबद्दल ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. मी लॅपटॉप नेला नव्हता, आणि त्यांनीही तो माहितीपट बघायला मागितला नाही.

मुलगी आता गडचिरोलीत असते. गावोगावी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या बोलीतल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करण्याचं काम तिला मिळालं आहे. मधूनमधून फोन करते. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, मी पेपर तपासत होते.

"मॅडम, बाबा भामरागडले गेले होते," ती म्हणाली. "बुढ्याच्या लेकीनं निरोप धाडला होता. दगड उभा करून राह्यलो, तुमी या म्हणे. तुमीच शेवटी त्याच्या बाजूले झोपत होते."

"मग?"

"चार लोकाईनं दगड आणला. बाबानंई खांदा लावला. उभा झाल्यावर बाबा त्याच्यापाशी बसले अन् बोलत राह्यले. लय वेळ. लेक म्हणे, आमी सगळे जेवून आलो तरी ते बोलूनच राह्यले होते."

मी विचारलं, काय बोलत होते?

"मी नव्हती ना तिथी," ती म्हणाली. "अन् कोणी ध्यान देऊन ऐकलं नाई. दोघाईचं बोलणं होतं ते."